आडवा अंगठा

४ फेब्रुवारी

आजी,

फोन तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा तू "कोण, दूधवाला? आज नको" म्हणालीस आणि ठेवून दिलास. म्हणून पत्र. शेजारच्या नकलनवीस आजोबांना म्हणावं, जरा मोठ्याने वाचा.

आमची लॅब मार्चअखेर बंद होतेय. मालक म्हणतात, आता कवळ्या यंत्रावर छापून निघतात, मेणात एकेक दात बसवत बसणाऱ्यांचं काय करायचं? अठरा वर्षं मी तेच करत आलेय. पहिली कवळी तुझी केली होती, आठवतं? तू म्हणाली होतीस, "हे दात माझ्यापेक्षा तरुण आहेत, लोक मलाच हसतील."

आता दोन जागा समोर आहेत. एक समुद्रकाठच्या त्या शहरात. बाराही महिने घाम, हवा ओल्या फडक्यासारखी. पण लॅब मोठी, आठव्या मजल्यावर, चाळीस माणसं. दुसरी जागा तुझ्याच गावात. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना हाताने कवळ्या करणारी बाई हवीय. दवाखान्याच्या मागे एक खोली, एक खिडकी, खिडकीसमोर बियाण्यांचं दुकान. दोघांनाही महिनाअखेर उत्तर हवंय.

मी रोज एक ठरवते आणि संध्याकाळी दुसरं. आई गेल्यापासून मला "ये" म्हणणारं कुणी राहिलेलं नाही, त्यामुळे कुठे जायचं हा प्रश्न मला नीट विचारताच येत नाही. म्हणून तूच सांग. ये म्हणालीस तर तुझ्याकडे येते, तुझ्याच खोलीत पथारी टाकते. नको म्हणालीस तर शहरात जाईन आणि पुन्हा विचारणार नाही.

आणि अंगठा नीट दे. आपला अंगठा आठवतो ना? बाकी पत्रात काहीही लिहिलेलं असो, मी अंगठा बघूनच काय ते समजेन. हे वाचून आजोबांना काही कळणार नाही, तुला कळेल.

तुझी,
खडू

---

१३ फेब्रुवारी

चि. खडूस,

हे "खडूस" भाऊजींनी लिहिलंय, मी नाही. मी म्हटलं, खडूला पत्र लिहा. ते म्हणाले, वहिनी, "खडूला" हे बोलण्यात ठीक, पत्रात "खडूस" असंच लिहितात, तशी रीत आहे. चाळीस वर्षं कचेरीत बसून दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला उतरवलेला माणूस, त्याच्याशी कोण वाद घालणार? लहानपणी शाळेतले खडू खायचीस म्हणून नाव पडलं, आता म्हातारपणी त्याला शेपूट फुटलं. तशी तू थोडी आहेसच.

तुझं पत्र भाऊजींनी दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा न मागता. वरच्या मजल्यावरच्या बाईने विचारलं, काय हो, कुणी गेलं का? इतक्या मोठ्याने.

आता तुझं. शहराबद्दल मी ऐकलंय ते असं, की तिथे भिंतींना घाम फुटतो, मीठ डबीतल्या डबीत पाणी होतं आणि माणसं शेजारच्याचं नाव विचारत नाहीत, त्याला कंटाळा येईल म्हणून. सोय आहे. तुला नाहीतरी कुणी नाव विचारलेलं आवडत नाही.

आणि इथे? इथे बस दिवसातून दोनदा येते, त्यातली एकदा यायची विसरते. थंडीत नळाचं पाणी हाताला चावतं. कवळीची गरज असलेली माणसं मी आणि भाऊजींनी बोटांवर मोजली, अकरा भरली. त्यातल्या तिघांना दात न दिलेलेच बरे, आत्ताच एवढे अंगावर येतात. राहिले आठ. आठ कवळ्या झाल्या की तू काय करशील? खिडकीत बसून बियाण्यांच्या गोणी बघशील?

तेव्हा पोरी, शहरातच जा. इथे येऊ नकोस. मी आजवर कुणालाही "ये" म्हटलेलं नाही. तुझ्या आजोबांनाही नाही, ते आपले यायचे. माझी काळजी नको. माझं सगळं जागच्या जागी आहे, फक्त तुझी कवळी सैल झालीय. परवा शिंकले तर पातेल्यात जाऊन बसली. भाऊजी समोर होते, म्हणाले, मी काही पाहिलं नाही. जुन्या वळणाचा माणूस आहे.

हे पत्र ते आधी कच्चं लिहितात, मग पक्कं उतरवतात. कच्च्यावर अंगठा दिला, तर म्हणतात पक्क्यावर पुन्हा द्या. एका नकाराला दोन अंगठे! शाईची डबी त्यांची, अंगठा माझा, देते बापडी. तू मात्र अंगठा नीट बघ.

आता म्हणतायत शेवटी "लोभ असावा" लिहितो. मी म्हटलं, ते नको. लोभ फार वाईट, एकदा सुटला की आवरत नाही. तर ते नाही लिहिलेलं.

आजी
(निशाणी डावा अंगठा)

---

१ मार्च

आजी,

पत्र उघडल्यावर आधी खालीच बघितलं. सरळ अंगठा. काठीसारखा सरळ, रेघ न रेघ दिसते.

खरं सांगू? मला वाटलं होतं आडवा असेल. पत्र वाचायच्या आधी पाकीट हातात धरून बसले होते आणि मनात तुझ्या घराचा जिना चढत होते, सातवी पायरी हलते ती सोडून. मग सरळ अंगठा बघितला. जरा दुखलं. पण बरंही वाटलं, की तू माझ्याशी खोटं बोलली नाहीस. शहराला होकार कळवला, डॉक्टरीणबाईंना नकार. दोन्ही पत्रं एकाच पेटीत टाकली.

आता ठरलंच आहे, तर आजोबांनाच सांगून टाकते, नाहीतर ते विचारत बसतील. आजोबा, मी बोर्डिंगात होते तेव्हा आजीची पत्रं मामा लिहायचा. मामासमोर तिला मनातलं बोलता यायचं नाही आणि तो "सगळं ठीक" याच्यापलीकडे काही लिहायचा नाही. म्हणून एका सुट्टीत आम्ही दोघींनी ठरवलं: अंगठा सरळ असला तर लिहिलंय ते खरं. अंगठा आडवा असला तर लिहिलंय त्याच्या बरोबर उलट. "मामी फार जीव लावते" आणि खाली आडवा अंगठा, असं पत्र मी अजून जपून ठेवलंय.

तीन आठवड्यांनी निघते. हत्यारांचा डबा सोबत घेतेय, मेण तापवायचा दिवाही. तिथे लागेल की नाही कुणास ठाऊक.

तुझी,
खडू

---

१२ मार्च

चि. खडूस,

तुझं पत्र पोचलं. भाऊजी वाचता वाचता मध्येच थांबले. चष्मा पुसतो म्हणाले, पाणी प्यायले, पुन्हा चष्मा पुसतो म्हणाले. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, अक्षर लागत नाही. तुझं मोत्यासारखं अक्षर, आणि ते या माणसाला लागत नाही! मग लागलं एकदाचं. मग आम्ही दोघांनी चहा केला. त्यांनी केला, मी चुका काढल्या.

चांगलं केलंस शहराला हो म्हटलंस ते. तिथे चाळीस माणसं आहेत, त्यातलं एखादं तरी बरं निघेल. निघालं नाही तर समुद्र आहे, तो काही बोलत नाही.

मागची खोली मी धुऊन घेतली होती. पलंग खिडकीकडे सरकवून घेतला, भिंतीला चुना मारून घेतला. विशेष काही नाही, शाळेतल्या एक बाई भाड्याने यायच्या आहेत. त्या आल्या की सोबत होईल. तेव्हा एकटी आहे, एकटी आहे, असा जप करू नकोस. हलणारी पायरीही ठोकून घेतलीय. आता कुणी चढलं तर आवाज येत नाही, हा एक तोटा.

भाऊजी आज गप्प गप्प लिहितायत. एरवी दर ओळीला विचारतात, वहिनी, इथे स्वल्पविराम देऊ का? आज मीच विचारलं, द्यायचा का हो? तर नुसती मान हलवली असावी. काही ऐकू आलं नाही.

अंगठा या वेळी मी विचारून दिलाय. कागदाचं डोकं कुठे, पाय कुठे, दोनदा विचारलं. सरळ आहे. म्हणजे लिहिलंय ते सगळं खरं.

आजी
(निशाणी डावा अंगठा)

---

९ मे

आजी,

इथे येऊन सहा आठवडे झाले. लिहायला उशीर झाला, कारण चांगलं काहीतरी घडेल आणि मग लिहीन, असं म्हणत होते.

खोली सहाव्या मजल्यावर आहे. खिडकी उघडली की समोरच्यांचं स्वयंपाकघर, बंद केली की भिंत ओली. कपाटात ठेवलेल्या चपलांवर हिरवी बुरशी आली, चार दिवसांत. अंगावरचे कपडे वाळत नाहीत आणि वाळलेले अंगावर घातले की पुन्हा ओले. मेण इथे हातात घ्यायच्या आधीच लोळण घेतं. पण त्याचं दुःख नाही, कारण मेणाचं काम इथे नाहीच. तेही छापतात, आजी. मला आधी सांगितलं नव्हतं. यंत्रातून कवळ्या बाहेर पडतात, मी त्यांच्या कडा घासते आणि चकाकी आणते. दिवसाला साठ. कुणाच्या तोंडाची आहे हेही कळत नाही, फक्त आकडा असतो. पूर्वी मी कवळी बघून सांगायचे, हा माणूस डाव्या बाजूने चावतो, या बाईला पान खायची सवय आहे.

शेजारच्या टेबलावरच्या बाईशी महिन्याने बोलले. म्हटलं, फार उकडतं ना? ती म्हणाली, हो. झालं.

तुझी कवळी सैल झालीय म्हणाली होतीस ते तेव्हा हसण्यावारी नेलं. पण कवळी उगीच सैल होत नाही. माणूस उतरलं की हिरड्या आटतात. वजन कमी झालंय का तुझं? डॉक्टरांकडे जाऊन ये.

आणि एक विचारू? दवाखान्यामागची ती खोली अजून रिकामी आहे का? मी पुन्हा विचारणार नाही म्हणाले होते, तरी विचारतेय. अंगठा नीट दे.

खडू

---

२४ मे

चि. खडूस,

चपलांना बुरशी आली तर आली, पायांना येऊ देऊ नकोस. कपाटात कोळसा ठेव. भाऊजी म्हणतात, खडू ठेवला तरी चालतो, ओल शोषतो. मी म्हटलं, खडूच तर तिथे ठेवलाय आम्ही. ते हसले नाहीत. हल्ली त्यांना हसवायला फार कष्ट पडतात, पूर्वी नुसतं "भाऊजी" म्हटलं तरी हसायचे.

ती खोली गेली गं. तुझा नकार आला, तसं डॉक्टरीणबाईंनी महिनाभर वाट पाहिली आणि बियाणेवाल्याला गोणी ठेवायला देऊन टाकली. त्याने खिडकीही विटांनी बुजवली, उंदीर शिरतात म्हणून. कवळ्या आता त्या बाहेरून मागवतात, छापलेल्या. तुझ्याच शहरातून खोकी येतात म्हणे. परवा आमच्या पिठाच्या गिरणीवाल्याला एक बसवली. कडा फार छान घासल्यात म्हणत होता, कुठे टोचत नाही. मी म्हटलं, हसून दाखव बघू. त्याने दाखवलं. बराच वेळ दाखवत होता बिचारा. म्हणजे बघ, तू गावात येऊनच गेलीस, मला न भेटता.

वजनाचं म्हणशील तर ते कमी झालेलं नाही, मी बोलणं कमी केलंय, त्यामुळे तोंड लहान झालं. डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, तुम्ही आम्हाला पोचवून याल. शाळेतल्या बाई फार चांगल्या आहेत, सकाळी मला पेपर वाचून दाखवतात.

आता तिथेच रुजायचं बघ. शेजारच्या बाईला पुन्हा विचार, फार उकडतं ना? ती पुन्हा "हो" म्हणेल. तिसऱ्या वेळी विचारलंस तर म्हणेल, "हो गं." त्या "गं"ला कधी कधी वर्ष लागतं.

अंगठा सरळ आहे.

आजी
(निशाणी डावा अंगठा)

---

२ जुलै

आजी,

रविवारी लॅब रिकामी असते. चार रविवार जाऊन तुझ्यासाठी नवी कवळी केली, हाताने, मेणात. तुझा जुना साचा मी इथे घेऊन आले होते. पहाटेच मेण जरा कडक असतं तेव्हा दात बसवले. पुढचा एक दात मुद्दाम किंचित वाकडा ठेवलाय, तुझा होता तसा. पार्सल आज टाकलं. बसली की नाही ते कळव. आणि त्या शाळेतल्या बाईंना म्हणावं, दोन ओळी लिहा मला, ओळख होऊ दे.

ऑक्टोबरमध्ये आठ दिवस रजा मिळेल. तेव्हा येते. चालेल ना?

शेजारची "हो गं" म्हणाली नाही. पण काल मला फुंकर मारून थंड केलेला चहा दिला.

खडू

---

१९ जुलै

चि. खडूस,

कवळी आली. फार सुरेख आहे. वाकडा दात बोटाने चाचपून बघितला, माझाच आहे. बसली. अगदी बसली.

शाळेतल्या बाईंची बदली झाली, त्यामुळे त्या लिहू शकत नाहीत.

ऑक्टोबरमध्ये ये. बघ, कसं पटकन म्हटलं. भाऊजी, लिहिलंत ना? ते म्हणतात, लिहिलं.

आज एवढंच. अंगठा सरळ.

आजी
(निशाणी डावा अंगठा)

---

११ ऑगस्ट

चि. खडूस,

हे पत्र मी माझ्या मनाने लिहीत आहे. सांगणारे कुणी समोर नाही, त्यामुळे वाक्ये जुळत नाहीत, सांभाळून घ्यावे.

तुझ्या आजी सोमवारी सकाळी गेल्या हे तुला फोनवर कळवलेच. तुझा प्रवास दोन दिवसांचा, तेवढे थांबता आले नाही. फोनवर जे सांगितले नाही ते आता लिहितो.

१३ फेब्रुवारीच्या पत्राच्या कच्च्या प्रतीवर वहिनींनी अंगठा आडवा दिला. मला वाटले, चुकून आला. कचेरीत आडव्या अंगठ्याचा कागद परत येत असे, तो सरळ करून घेणे हे माझेच काम होते. पक्क्या प्रतीच्या वेळी त्यांनी हात पुन्हा तसाच आडवा आणला. मी काही न बोलता त्यांच्या हाताखालचा कागद फिरवला. अंगठा सरळ उमटला. त्यांना ते दिसले नाही. त्यांना हिवाळ्यापासून दिसतच नव्हते, फक्त उजेड-अंधार कळे. मला हे ठाऊक नव्हते. त्या माझ्याकडे तोंड करून माझी थट्टा करीत, मी समजे की मला बघतात.

तुझे १ मार्चचे पत्र वाचताना मी काय केले ते मला कळले. तिथेच त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, जन्मात एकदा कुणाला ये म्हटलं, ते नेमकं तुमच्या हातून." मी लगेच कागद काढला, म्हटले, आत्ता लिहितो, सगळे कळवतो, अजून वेळ आहे. त्या म्हणाल्या, "नको. डॉक्टरांनी मला जानेवारीतच सांगितलंय, पावसाळा निघाला तर निघाला. पोर येईल, माझं करील, आणि चार महिन्यांनी त्या गोणींसमोर एकटी बसेल. फेब्रुवारीत मला लोभ सुटला होता. तुम्ही कागद फिरवलात ते बरंच झालं." बरे झाले असे त्या म्हणाल्या खऱ्या. पण खोलीला चुना देऊन आठ दिवस झाले होते, आणि संध्याकाळची बस आली की त्या अजूनही जिन्याकडे कान देत. हे मी पाहत होतो.

हयातीत सांगायचे नाही, असे वचन घेतले. कुणाच्या हयातीत, ते बोलल्या नाहीत. मी त्यांची धरली.

मार्चपासूनची सगळी पत्रे सरळ अंगठ्याची आहेत. शाळेतल्या बाई कुणी नव्हत्या. घरातली मागची खोली रिकामीच आहे. नवी कवळी बसली नाही, चेहरा फार लहान झाला होता. उशाशी वाटीत ठेवत आणि येईल त्याला सांगत, हातची आहे, छापलेली नाही. "ऑक्टोबरमध्ये ये" एवढे मात्र त्यांनी मनापासून सांगितले, याला मी साक्षी आहे. अंगठा सरळ होता, तो एक खरा समजावा.

मी कच्च्या प्रती टाकत नाही. पाठीमागची बाजू कोरी असते, उपयोगी पडते. फेब्रुवारीची ती प्रत सापडली. तिच्या मागे मी एप्रिलात वाण्याची यादी लिहिली आहे, त्याबद्दल क्षमा असावी. ती सोबत जोडली आहे. शाई जरा फुटली आहे, तरी अंगठा स्पष्ट आहे.

माझ्या घडीप्रमाणेच उघडावी. कागद फिरवू नये.

नकलनवीस